वीस मिनिटांचं सूप

२४ फेब्रुवारी २००२, रविवार

मागच्या दाराची पायरी आज दिवसभर डोळ्यांसमोर येते आहे. १९४९ सालचे गणपती. मी आठ वर्षांची, मैना माझ्याहून वर्षाने मोठी. मी वर, उंबऱ्याला टेकून. ती खाली अंगणात, मांडी घालून. आईने दोघींना लिंबाएवढी उकड दिली होती, मला ताटलीत, तिला केळीच्या पानावर. माझी पारी दर वेळी फाटायची. मैना मात्र जीभ दातांत धरून एकवीस कळ्या पाडायची, एकसारख्या, जणू बोटांनाच डोळे आहेत. आम्ही खूप हसत होतो. कशाला, ते आठवत नाही. तिची आई बयाबाई आमचं अंगण झाडायची, सरपण आणून टाकायची. तिची हाक आली की मैना पान तिथेच ठेवून पळायची. पुढच्या वर्षी मला पाचगणीला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात घातलं आणि तो खेळ संपला. लहानपणातली ही माझी सर्वांत गोड आठवण. मैनाला मी ती कधी सांगितली नाही.

आज ती आली. आता ती मैना सिस्टर. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाली. अर्ध्या महाडची बाळंतपणं तिच्या हातची, माझ्या वैदेहीच्या वेळचंही. इतकी वर्षं एका गावात आहोत, पण ती आमच्या बैठकीच्या खोलीपलीकडे कधी आली नाही, हे आजच लक्षात आलं. काम पडलं नसेल.

"बाई, तुमच्याकडं काम काढलंय," म्हणाली. शाळेत शिकवायचे म्हणून सगळं गाव मला बाई म्हणतं, तीही म्हणते.

सतरा मार्चला थायलंडहून पाच भिक्खू आणि सहा उपासक येणार आहेत. पाल्याची लेणी बघतील, चवदार तळ्यावर जातील आणि वीस तारखेच्या, सत्याग्रह दिनाच्या गर्दीआधी निघतील. जेवण विहारातल्या बायकांकडे. भिक्खू बारानंतर जेवत नाहीत आणि लेण्यांवरून उतरायलाच अकरा वाजणार. त्यांतले थोरले अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. दहा दिवसांच्या प्रवासात आपल्या मसाल्यांनी त्यांचं अन्नच तुटलं आहे. काही गरम, तिकडच्यासारखं, सूप वगैरे होईल का, असं दुभाष्या मुलीने फोनवर विचारलं.

"तुम्ही वैदेहीकडं बँकॉकला तीन महिने राहून आलात. म्हटलं, तुम्हालाच विचारावं."

मी तिचं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "डम्पलिंगचं सूप! वैदेही वीस मिनिटांत करते. आपण दोघी करू, मैना. इथे, माझ्याकडे."

"डम्पलिंग म्हणजे?"

"तिखटमिठाचा मोदक समज."

"बघू," ती म्हणाली.

मला काय हवं आहे ते इथे खरं लिहिते. भिक्खूंनी जेवावं हे हवंच आहे. पण त्याहून जास्त, मैनाने माझ्याजवळ बसून काहीतरी करावं असं वाटतं. साठीनंतर नवी मैत्रीण होत नाही. जुनी तरी परत मिळावी.

२६ फेब्रुवारी

वैदेहीला फोन केला.

"आई, डम्पलिंग मी फ्रीजरमधून काढते. पाकिटातली."

"आणि रस्सा?"

"त्याची पेस्ट मिळते. तीही पाकिटातली."

अशी ती वीस मिनिटं! शेवटी तिथल्या मोलकरणीला विचारून तिने सांगितलं: नारळाचं दूध, गवती चहा, आल्यासारखं एक मूळ, एका लिंबाची पानं, मिरची, आंबट, मीठ. कोथिंबिरीची मुळं फेकून द्यायची नाहीत, वाटून घालायची.

गवती चहा परसात आहेच. ते मूळ म्हणजे आपलं कुलंजन असावं, म्हणून काष्ठौषधीच्या दुकानात गेले. रावजींनी पुडी बांधता बांधता विचारलं, "बाई, गळा बसला का?" सोया सॉस कुठेच मिळेना, तेव्हा एसटी स्टँडबाहेरच्या चायनीजच्या गाडीवाल्याने आपल्यातला अर्धा एका रिकाम्या बाटलीत ओतून दिला.

२८ फेब्रुवारी

मैद्याच्या पाऱ्या लाटल्या. कोबी, गाजर, शेंगदाण्याचं कूट असं सारण. उकळीत सोडल्या आणि एकेक करत सगळ्या फुटल्या. कुलंजन वाळलेलं, त्यामुळे वासही औषधाचा.

सगळं महाड ह्यांना दत्तोपंत म्हणतं, वकिली सोडून आठ वर्षं झाली तरी. वहीत मीही तसंच लिहिते, समोर म्हणायची हिंमत नाही. तर दत्तोपंतांनी वाटी नाकाशी नेली. "कुणाला ताप आलाय?"

"सूप आहे ते."

"मग मी काढा समजून पितो, तू सूप समजून दे. दोघांचं काम होईल."

२ मार्च

आंबटपणासाठी आमसुलं घातली. सूप गुलाबी झालं.

"इरावती, ही गरम सोलकढी आहे. झकास झालीय. भिक्खूंना फक्त सांग की कोकणात आलात."

मला हसू आलं नाही. पंधरा दिवस राहिले आहेत. हाताला चैन नाही. सकाळपासून तीन वेळा ओटा पुसला.

४ मार्च

सुचलं! मैदा कशाला? तांदळाची पिठी, आपली उकड. आपल्या मोदकाचीच पारी करायची, आत तिखट सारण. आधी वाफवायचे, मग वाटीत ठेवून वरून सूप ओतायचं. उकळीत सोडायचेच नाहीत, म्हणजे फुटायचा प्रश्न मिटला.

आणि उकड म्हटली की मैना. तिला उद्या बोलावलं आहे. फोनवर म्हटलं, "मागच्या दाराने ये. गंमत आहे."

एक योजना आहे माझ्या मनात. तिचा चेहरा बघायची घाई झाली आहे.

५ मार्च

काय झालं ते मला कळलेलं नाही. क्रमाने लिहिते.

दोन पाट काढले होते. एक वर, उंबऱ्याशी. एक खाली अंगणात, पायरीला लागून. खालच्या पाटापुढे केळीचं पान. घराला स्लॅब पडला, गॅस आला, पण ती दगडी पायरी वडिलांच्या वेळची तशीच आहे. उकड मळून ओल्या फडक्याखाली ठेवली आणि मी वरच्या पाटावर बसून राहिले.

मैना मागच्या फाटकातून आली. हातात पिशवी, पिशवीत मुळांसकट कोथिंबीर. पाट बघितले, पान बघितलं.

"हे काय?"

"आठवतं?" मी म्हटलं.

"आठवतं."

ती बसली नाही. पिशवी अंगणाच्या दगडी गडग्यावर ठेवली. "बाई, विहारात मीटिंग हाय. ध्यानात राह्यलं नाय माझ्या." आणि गेली.

मी उकडीचा गोळा हातात धरून तशीच. तिला भरून आलं असावं. काही माणसांना रडलेलं दिसायला आवडत नाही. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या नन तशाच होत्या.

दत्तोपंत दारात आले. "पाट वरखाली का मांडलेस?"

"तेव्हा तसेच बसायचो."

चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. मग वर्तमानपत्र घेऊन आत गेले.

६ मार्च

मैनाचा फोन नाही.

७ मार्च

नाही. मी केला तर "आई भाहेर गेल्यात" असं फोन उचलणाऱ्या शेजारच्या बाईने सांगितलं. मागे मैनाचा आवाज आल्यासारखा वाटला.

९ मार्च, शनिवार

स्टँडवर सुप्रिया भेटली. ही मैनाची सून. माझीच विद्यार्थिनी, आता पोलादपूरला शाळेत शिकवते. सकाळच्या गाडीची वाट बघत होती.

"बाई, आईंचा निरोप आहे. सूप आमच्या घरी करायचं. तुम्हाला यायचं असेल तर या म्हणाल्या."

"यायचं असेल तर? रागावलीय का ती माझ्यावर?"

सुप्रियाने पदर नीट केला. "आम्ही उत्तर विचारायला आलो की तुम्ही काय म्हणायचात? प्रश्न परत वाच."

"अगं पण प्रश्न काय आहे?"

"तुम्ही वरच्या पाटावर बसला होतात ना? एकदा खालच्यावर बसून बघा."

गाडी लागली. तिने खिडकीतून हात हलवला, रागाने नव्हे. मी घरी येताना भाजी घ्यायची विसरले.

१० मार्च, रविवार

बसले. दत्तोपंत दाढी करायला गेले होते तेव्हा, कुणी बघत नसताना.

खालून स्वयंपाकघर दिसत नाही. ओटा नाही, गॅस नाही. तेव्हा चूलही दिसत नसणार. फक्त उंबरा दिसतो आणि आत येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय. फोडणीचा वास तेवढा येतो.

तिथे बसल्यावर पुढचं आठवलं. आठवलं असं लिहिणंही खोटंच. मी विसरले नव्हते, नुसती तिकडे बघत नव्हते. मैना हाकेसरशी पळाली की आई आतून म्हणायची, "ते पान गायीपुढे टाकून ये. आणि हात धुऊन मगच आत ये." पान मी उचलायची. गोठ्यात मी टाकायची. एकवीस कळ्यांचे ते मोदक. माझे फाटके मोदक मात्र मोदकपात्रात जायचे, तिथून देवापुढे.

बोर्डिंगात दर शनिवारी आम्हाला आठवड्याच्या चुका कागदावर लिहायला लावायचे. मी पानंच्या पानं लिहायची, खोटं बोलले, खडू चोरला, प्रार्थनेत झोपले. हे कधी लिहिलं नाही.

दुपारी सगळी कपाटं आवरायला काढली. काहीच आवरलं नाही.

१३ मार्च

मैनाच्या घरी गेले. आईचं तांब्याचं मोदकपात्र घासून, फडक्यात बांधून नेलं. तिला द्यायचं ठरवलं होतं.

"आत या," म्हणाली. थेट स्वयंपाकघरात. स्वच्छ फरशी, खिडकीत तुळस नाही, कोरफडीची कुंडी. जमिनीवर चटई पसरलेली, दोघींना पुरेल एवढी एकच. मी गाठोडं सोडलं.

"आईचं आहे. तुझ्यासाठी आणलंय."

तिने भांड्याकडे बघितलं. हात लावला नाही.

"तुझ्या आईच्या ह्या भांड्यात माझा मोदक एकदापन गेला नाय. आता म्हातारपनी त्याला घरात घेऊन मी काय करू गो?"

बाई नाही, तुम्ही नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला ती अशी बोलली, आणि ती हे बोलली.

"तुला माहीत होतं? पानाचं?"

"कुंपनाआडून बघायची मी. तू पान न्यायचीस, गाय खायची. मला वाटायचं, निदान गायीला तरी आवडतंय."

"मैना, माझं चुकलं. तेव्हाचं, आणि परवाचंही."

"ऐकलं," ती म्हणाली. एवढंच. बरं झालं की वाईट, काहीच नाही. मी डोळ्यांना पदर लावला तशी म्हणाली, "रडायचं आसंल तर नंतर रड. उकड निवतेय. हाताला तेल लाव."

मग तीन तास काम. सूप तिनेच सुधारलं. कुलंजन चिमूटभरच, आणि साधं आलं जास्त. कोथिंबिरीची मुळं, लसूण आणि मिरी पाट्यावर वाटून नारळाच्या पातळ दुधात उकळायची. गवती चहाची पाती गाठ मारून सोडायची, म्हणजे नंतर उचलून टाकता येते. ईडलिंबाची दोन पानं. घट्ट दूध शेवटी, लिंबू भांडं उतरवल्यावर. पातेल्यावर तिने भाजीची चाळण ठेवली आणि त्याच सुपाच्या वाफेवर मोदक लावले. मोदकपात्र लागलंच नाही.

तिची बोटं अजून तशीच आहेत. माझी पारी अजूनही फाटते.

"पाचगणीला काय शिकवलं गो तुला?" म्हणाली.

"भरतकाम. पियानो."

"मग तू भिक्खूंना पियानो वाजवून दाखव. मोदक माझ्याकडं दे."

सुप्रिया दारात उभी राहून हसत होती. मीही हसले. येताना मोदकपात्र परत घेऊन आले. रिक्षात मांडीवर फार जड लागलं.

१६ मार्च, शनिवार

सारण करून ठेवलं. पिठी चाळली. दुभाष्या मुलीचा फोन मैनाच्याच घरी आला, मी इंग्रजीतून बोलले. तिने आठवण करून दिली की त्यांचे भिक्खू बायकांच्या हातातून काही घेत नाहीत. ते समोर कापड पसरतात, वाटी कापडावर ठेवायची, मग ते उचलतात. तो त्यांच्या संघाचा नियम आहे, कृपया वाईट वाटून घेऊ नका.

फोन ठेवला आणि मला वाईट वाटलं. तीन आठवडे जिवाचा आटापिटा करायचा, आणि माझ्या हातातून वाटी घ्यायची नाही? मी मैनाला तसं म्हटलंही. "आपला हात लागला तर काय होतं त्यांना?"

ती कोबी बारीक करत होती. सुरी थांबली. माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, चेष्टेनेही नाही.

"त्यांचा नेम त्यांच्यासाठी हाय. तुला खाली बसवायला नाय," म्हणाली. आणि पुन्हा चिरायला लागली. "आनी एक दिवसाचं हाय."

मी गाजर किसायला घेतलं. बोट किसणीला लागलं तरी कुणाला सांगितलं नाही.

१७ मार्च, रविवार

अकरा वाजले, कुणी नाही. सव्वाअकरा, नाही. लेण्यांच्या पायऱ्यांवर थोरल्या भिक्खूंना दम लागला म्हणून सगळे थांबले होते. विहाराच्या अंगणात बायका आत-बाहेर करत होत्या. मी मिनिटाला घड्याळ बघत होते. मैनाने मनगट धरून माझं घड्याळच काढून घेतलं.

अकरा अठ्ठावीसला गाडी आली. "चढव!" मैना म्हणाली. दोन शेगड्या, दोन पातेली, दोन चाळणी. सहासष्ट मोदक, माणशी सहा. "तुझं झाकण नीट बसलं नाय! फडकं लाव गो, वाफ चालली!" सगळ्या बायकांसमोर ओरडली माझ्यावर. मी फडकं लावलं. अकरा अठ्ठेचाळीसला पहिली वाटी भरली. खरंच वीस मिनिटं.

थोरल्या भिक्खूंपुढे मी गेले. त्यांनी पिवळं कापड पसरलं. मी वाटी त्याच्यावर ठेवली आणि मागे सरले. वाकताना माझी नजर खाली होती. मला त्यांचे पाय दिसले, धुळीने भरलेले. दुसरं काही दिसलं नाही.

त्यांनी एक मोदक खाल्ला. मग कळ्यांवरून चमचा फिरवत दुसरा बघत राहिले. मग सहाही. वाटी तोंडाला लावून सूप संपवलं आणि रिकामी वाटी परत कापडावर ठेवली. दुभाष्या मुलगी म्हणाली, "आणखी आहे का विचारतात. आणि म्हणतात, त्यांची आई नारळ कमी घालायची."

मैनाला सांगितलं. "सगळ्यांच्या आया कमीच घालतात," म्हणाली आणि वाटी सुपाने भरली. ती तिनेच नेली.

बाराला पाच कमी असताना जेवण संपलं. आम्ही बायका मग बसलो, एका पंगतीत, फरशीवर. मैना माझ्या शेजारी. आमच्या वाट्याला माझे फाटके मोदक आले होते, सारण सुपात पसरलेलं.

"चव बरी हाय," मैना म्हणाली. "रूप तुझ्यावर गेलंय."

निघताना मी विचारलं, "येऊ ना परत?"

"घर बघितलंयस," म्हणाली. हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. मी दिवसभर त्या दोन शब्दांना उलटून-पालटून बघते आहे.

१८ मार्च, सोमवार

जीव अजून थाऱ्यावर नाही. पण काय कुणाकडे जायचं ते लिहून ठेवते. आजचं आजच करीन. माझ्यानंतरचं वैदेहीने करावं.

उरलेलं कुलंजन रावजींना परत. म्हणावं, गळा सुटला.

सोया सॉसची बाटली गाडीवाल्याला.

सुपाची कृती वैदेहीला, पत्राने. वर मैनाचं नाव घालून. वैदेही, तुझ्या मैत्रिणींना सांगताना "आईची रेसिपी" म्हणू नकोस.

परसातल्या गवती चहाचं एक ठोंब मुळासकट मैनाला. एवढी एकच गोष्ट तिने आपणहून मागितली आहे. संध्याकाळी मी स्वतः नेईन. पुढच्या दाराने.

आईचं मोदकपात्र मैनाला द्यायचं नाही. तिला ते नको आहे. मी गेल्यावर भरून आलं म्हणून कुणीही ते तिच्या दारात नेऊ नये. सुप्रियाला एकदा विचारावं. ती नको म्हणाली तर पुन्हा विचारू नये.

दोन्ही पाट आत, स्वयंपाकघरात, एका रांगेत. अंगणात पुन्हा काढायचे नाहीत.

दत्तोपंतांना रात्री गरम सोलकढी. त्यांनी मागितली आहे.

आणि फडताळात स्टीलचा लहान डबा आहे. सहासष्टावर एक मोदक जास्त झाला होता, मैनाच्या हातचा. निघताना सुप्रियाने माझ्या पिशवीत ठेवला. कळ्या अजून मोडलेल्या नाहीत. मी मोजल्या, एकवीस आहेत. तो गायीला नाही, दत्तोपंतांना नाही, कुणालाच नाही. तो मी खाणार आहे.